सहा मिलिमीटर

कित्येक वर्षं मी लग्नघरात झोपले नाही.
ओझरला दिराच्या मुलीचं लग्न, हॉलभर गाद्या,
बायका ओळीने कलंडलेल्या,
आणि मी रात्रभर आहेराची यादी लिहीत.
"कामाची आहे हो वहिनी," म्हणाल्या सगळ्या.
कामाची कसली!
घोरणाऱ्या बाईला कुठे झोपवायचं, याची पंचाईत
मीच परस्पर मिटवत होते.

घरी विलास उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायचा,
सकाळी म्हणायचा, उकडत होतं.
जानेवारीत. नाशिकात.

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये दुपारी दोनला
द्राक्षांचे घड वजनाला लावता लावता
मान पडायची, काट्यावर माझंच डोकं.
पोरी ओढणीआड हसायच्या.

नाकाचं दुखणं जुनं.
शाळेत खोखोच्या खांबावर आपटले, हाड वळलं,
तेव्हापासून डावी नाकपुडी नावापुरती.
कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, नाकाचं नंतर बघू,
आधी रात्र मोजू.
बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी,
स्वतःच्याच पलंगावर मी पाहुणी.
श्वास तासाला तेवीस वेळा थांबतो, असं आलं.
एकदा तर बत्तीस सेकंद.

बत्तीस सेकंद मी घड्याळ समोर धरून काढून पाहिले.
एकोणिसाव्यालाच हात टेकले.
गंगेला पूर आला की आपण विचारतो, पाणी कुठवर?
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला, छातीला, गळ्याला.
माझं पाणी कुठवर,
कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

कॉलेज रोडला डॉक्टर क्षेमकल्याणीबाईंनी
दातांचे ठसे घेतले, गुलाबी लगदा, पुदिन्याची चव.
पंधरा दिवसांनी दोन पारदर्शक साचे हातात,
बाजूला इवलासा स्क्रू, त्याला सुईएवढी किल्ली.
"खालचा जबडा पुढे राहील, जीभ मागे पडणार नाही."
दर तिसऱ्या दिवशी एक फेरा, पाव मिलिमीटर.
सहापर्यंत जाऊ, म्हणाल्या.

लावून आरशात पाहिलं
तर आईच ओरडली आतून:
हनुवटी आत घे. पोरीच्या जातीनं
असं तोंड पुढे काढून बोलू नये.
घेतली होती की आत.
अण्णांपुढे, सासूपुढे, पगारवाढ मागताना,
इतकी आत, की गळाच उरेना.
डॉक्टरबाई हसल्या. तसं काही नसतं, म्हणाल्या,
जबड्याची ठेवणच तशी.
बरं. ठेवण.

सुख लगेच नव्हतं. लाळेनं उशी ओली,
कानाजवळचा सांधा ठणकायचा,
सकाळी दाढेला दाढ भेटेना,
बाजरीची भाकरी ताटात वाट बघायची.
दुसऱ्या आठवड्यात डबी कपाटात फेकली.
चौथ्या रात्री मीच शोधली, साड्यांखाली.

मग एका रात्री विलासने हलवून उठवलं.
दारात उभा, उशी काखेत.
"काय झालं?" मी विचारलं,
साच्यातून शब्द जाड, ओले.
म्हणाला, काही नाही,
आवाज आला नाही म्हणून.

नाकाचं अजून राहिलंय. पावसाळ्यानंतर बघू.
मे महिन्यात सिन्नरला नणंदेकडे लग्न आहे.
किल्ली सुईदोऱ्याच्या पुडीत ठेवलीय, हरवू नये म्हणून.
आहेराची यादी दुसरं कुणीतरी लिहील.
मला मधली गादी हवी,
पंख्याखालची.