काचेच्या अलीकडे

बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी
मी बोट वर करायचो
आणि काचेपलीकडे एस्नाती कालुवा
मलावीभरातल्या मेलेल्यांची नावं वाचायला घ्यायची.

नाव, गाव, गावच्या मुखियाचं नाव,
मयत कधी, माती कधी,
झोम्ब्याच्या थोरल्या मुलानं मिळेल त्या बसनं निघावं.
शब्दागणिक पैसे पडायचे,
म्हणून लोक दुःख आखडून लिहून पाठवायचे.
ती मात्र दोन नावांमध्ये एक श्वास थांबायची.
तो फुकट होता.

तळ्याकाठची माणसं
उतरलेले सेल दिवसभर उन्हात ठेवत,
मासळीशेजारी, त्याच चटईवर.
दहा मिनिटांपुरता जीव आला तरी पुरे,
आपल्यातलं कोणी नाही एवढं ऐकून घ्यायला.

त्या सोमवारच्या गठ्ठ्यात
एक नाव निळ्या शाईनं खोडलेलं होतं.
जोथाम मांगुलेंजे, शिक्षक.
रात्री जीपमधून नेलेला, सकाळी नदीत सापडलेला.
घरच्यांनी बावीस शब्दांचे पैसे भरले होते.
पावती टाचलेली होती.

तिनं पावती पाहिली,
मग माझ्याकडे पाहिलं.
मी यंत्रावरच्या सुयांकडे पाहत राहिलो,
जशा काही त्या पहिल्यांदाच हलत होत्या.
"जोथाम," ती म्हणाली,
आणि माझा हात, हाच, उजवा,
खटका खाली ओढून मोकळा झाला.
काचेपलीकडे तिचे ओठ हलत राहिले.
बावीस शब्द. मी मोजले.
देशात तेवढा वेळ पोलिसांचा बँड वाजत होता.

तिला चौदा महिने आत ठेवलं.
मला बढती मिळाली.

पुढे वारं फिरलं. चर्चच्या ओट्यावर
रात्री चक्रमुद्रित होणारे कागद
दिवसाढवळ्या बाजारात वाटले जाऊ लागले,
आणि तिनं न्खोटाकोट्यातून अर्ज भरला.
चिन्ह मागितलं रेडिओ.
उत्तर आलं : रेडिओ सरकारी आहे.
मिळालं सूप.
"बरं झालं," ती म्हणाली, "बायकांना
ते कसं धरायचं ते शिकवायला नको."

भोंगा बांधायला माणूस हवा होता. मी गेलो.
गाडीची बॅटरी, दोन तारा, आंब्याची फांदी.
तिनं मला ओळखलं. बराच वेळ काही बोलली नाही.
मग माईकवर बोट टिचकावून विचारलं,
"आवाज जातोय ना?"
जातोय, म्हणालो.
एवढंच आमचं बोलणं.

ती आश्वासनं देईना.
गावातल्या नादुरुस्त हातपंपांची नावं
एकेक करून वाचत गेली, जुन्याच सुरात,
कोण केव्हा बंद पडला,
कुणी कळवलं, कुणी आलं नाही.
मागून एक पोरगा ओरडला,
"मयत वाचणारी बाई आली! आज कोण गेलं?"
"अजून कोणी नाही," ती म्हणाली,
"म्हणून तर आज आलेय."
हसू आधी बायकांकडून उठलं,
आणि मग कुणीतरी रिकामं सूप काठीनं बडवलं.

निकालाच्या रात्री म्वेरा वारा सुटला होता.
दुकानाच्या पडवीत आम्ही सात-आठ जण, एक रेडिओ.
नवी मुलगी भराभर वाचत होती,
नावं एकमेकांना चिकटलेली.
एस्नातीच्या मांडीवरचं बोट
प्रत्येक आकड्यानंतर आपोआप थांबत होतं.
आमचा मतदारसंघ आला
आणि सेल बसले.

शिव्या घालत मी ते काढले,
काखेत दाबून ऊब देत उभा राहिलो.
कोणी शेजारच्या गावात सायकल पिटाळली,
कोणी म्हणालं, हरलोच असणार.
तेवढ्या अंधारात ती,
मीठ मागावं इतक्या सहज, म्हणाली :
जोथाम मांगुलेंजे, शिक्षक,
आणि पुढचं सगळं,
गाव, मुखिया, माती,
बायकोचं नाव, जे मी कधी ऐकलंच नव्हतं.

सेल काखेत गरम होत होते.
शब्द मी मोजले नाहीत.