शंभरात दोन

रात्री साडेबाराला नॉर्मनमध्ये
भिंतभर देश उजळलेला असतो.
एक वाजता अंदाज जायला हवा.
लोक झोपलेत, म्हणजे निम्मे;
उरलेले ट्रक चालवतायत.

पश्चिमेकडून हवेचा एक खोलगट द्रोण सरकत येतोय.
आधी तो कोलोरॅडोवर रिता होईल.
मी लिहिते: नऊ हजार फुटांवर दीड फूट बर्फ,
वाऱ्याकडच्या उतारावर जास्त.
मागच्या हिवाळ्यात एमिलियो आर्चुलेटाचा फोन आला होता,
कठडा नसलेल्या घाटात तो बर्फ ढकलायची गाडी चालवतो.
"बाई, जास्त म्हणजे किती?
माझ्या खिडकीपर्यंत की टपापर्यंत?"
आम्हाला असं कुणी विचारत नाही.
मी नकाशाकडे पाहिलं, मग म्हटलं, टपापर्यंत.
"बरं. मग डबा दोन वेळचा घेतो."

खाली लुईझियानात
ओविड मेलांसाँ ओसरीच्या खांबावर
प्रत्येक पुराचा खिळा ठोकून ठेवतो.
आम्ही चार इंच म्हटलं
की होडीचा दोर सहा हात सैल सोडतो.
अविश्वास नाही,
आकड्यांना पोहता येत नाही इतकंच.

राहिलं मधलं.
उद्या दुपारी चारनंतर, गारा, वारा, एखादी चक्री सोंड.
आमच्याकडे त्यासाठी शब्दांची उतरंड आहे:
किरकोळ, थोडा, वाढीव, मध्यम, मोठा.
छप्पर उडालेल्या माणसासमोर
"किरकोळ" मोठ्याने वाचून दाखवा एकदा.

मी पिवळी रेघ ओढत पूर्वेला आणली
आणि आर्कान्साच्या हद्दीत थांबले.
दव सांगतं इथे थांब, वारा सांगतो इथे थांब.
रेघेपासून अकरा मैलांवर
माझी बहीण नेवा राहते,
चाकं कधीच काढून विकलेल्या
एका चाकांच्या घरात.
तीन वर्षं आम्ही बोललेलो नाही.
आईचं शिवणयंत्र, दुसरं काय.

अकरा मैल म्हणजे माउसवर
बोटाची एक पेर.
मी रेघ तिच्यापलीकडे नेली.
शेजारून हॉलिसने मान वर केली,
"ती तिथे कशी गेली?"
"दक्षिणेकडून ओल येतेय."
येत होतीच ओल.
पण तिच्यासाठी रेघ सरकवली
तर तिच्याभोवतीची चारशे घरं उगाच दचकणार,
आणि पुढच्या खेपेला, खरोखरीच्या खेपेला,
कूस बदलून झोपणार.
रेघ मी परत आणली.
नेवा हिरव्यात गेली. शंभरात दोन.
पाठवा, म्हटलं.

एक वाजून सहा मिनिटांनी
व्हरांड्यात जाऊन तिचा नंबर लावला.
पहिल्याच रिंगला उचलला तिने.
"कोण मेलं?"
"कुणी नाही. उद्या दुपारी... तुझ्या बाजूला..."
"किती?"
"दोन टक्के."
"दोन टक्क्यांसाठी मला उठवलंस?"
"तू जागी होतीस."
यावर ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, बूट पलंगाखालीच आहेत,
कुत्र्याचा पट्टा खुंटीला,
चर्चच्या तळघराची किल्ली
या आठवड्यात मिसेस टॅकेटकडे.
मी काहीच विचारलं नव्हतं.

"आत्ता कसं आहे तिथे?"
मी, जिच्याकडे उपग्रह आहेत,
दोन रडार, संध्याकाळी सोडलेले फुगे,
तिला विचारलं.
"थांब," म्हणाली.
जाळीचं दार करकरलं, तिने फोन बाहेर धरला असावा.
बेडूक. शेकडो बेडूक,
डबक्यात, चरात, कुणाच्या तरी टायरमध्ये,
सगळे एकदम, कुणाचं न ऐकता.

मी बराच वेळ कान लावून उभी होते.
आत हॉलिस काच वाजवत होता.
भिंतीवरच्या देशात
एकही बेडूक नव्हता.