जमेला धुकं

टँकर याही बुधवारी वर आला नाही.
चढ फार आहे म्हणतो, टायर गुळगुळीत झालेत म्हणतो.
टायरांचं मला सांगू नकोस बाबा,
माझ्या गुडघ्यांवरही नक्षी उरलेली नाही,
तरी चढतेच ना रोज
लिमाच्या पाठीमागची ही बोडकी टेकडी,
तीनशे बारा पायऱ्या.
त्यातल्या चाळीस आम्ही बायकांनीच रचल्या,
टाकून दिलेल्या टायरांत माती ठोकून.
हो, टायरांतच.

इथे पाऊस पडत नाही.
अबुन्दिओनं मला डोंगरातल्या गावाहून इथे आणलं
तेव्हा पहिली दोन वर्षं
मी पत्र्याकडे कान लावून झोपायचे.
मग सोडून दिलं.

पण जून लागला की समुद्राकडून धुकं येतं.
उसनं मागायला आलेल्या शेजारणीसारखं
दारात उभं राहतं, बोलत काही नाही.
त्याच्यासाठी आम्ही सतरा घरांनी मिळून
टेकडीच्या कण्यावर जाळ्या बांधल्यात,
हिरव्या, प्लास्टिकच्या, दोन खांबांत ताणलेल्या.
खाली कोळी मासे धरतात, वर आम्ही ढग धरतो.
असं नातू शाळेत म्हणाला तर बाई हसल्या.
दुसऱ्या दिवशी विल्मरनं बाटली भरून नेली
आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

शुक्रवारच्या वाऱ्यानं जाळी फाडली.
नेमकी आमची.
वरपासून खालपर्यंत, धोतर फाडावं तशी.
मी शिव्या दिल्या. वाऱ्याला दिल्या,
टँकरवाल्याला दिल्या, अबुन्दिओलाही दिल्या,
मरून गेला हाही त्याचाच दोष.
कोनाड्यातल्या संतानं कान झाकले असतील.
मग सुई शोधली.

माझा डावा हात गेल्या वर्षीच्या झटक्यापासून
पाहुणा झालाय, जेवायला असतो, कामाला नसतो.
फक्त दोन बोटं अजून माझ्या बाजूची आहेत.
त्या दोघींत जाळीची कड धरली,
उजव्यानं टाका घातला.
अंधार पडला तशी मेल्चोरा आली, न बोलावता.
माझ्या पिंपातलं पाणी ने, असं म्हणाली नाही,
तेवढी काही ती चांगली नाही.
पण दिवा धरून उभी राहिली दोन तास.
हातसुद्धा बदलला नाही.

रात्री वही काढली.
अबुन्दिओच्या दुकानाची वही, मधे तांबडी रेघ,
अर्ध्याहून अधिक कोरी.
नावेच्या बाजूला मी काही लिहीत नाही,
ती बाजू लोक भरतात, सरकार भरतं, गुडघे भरतात.
जमेला लिहिलं:
दोन बोटं.
मेल्चोराचा दिवा.
सुई मोडली नाही.
विल्मरला खोकला आहे, पण झोप लागली.

येनी फोनवर म्हणते, आई, तू स्वतःला फसवतेस.
ती माद्रिदला म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलते,
तिला खरं बोलायची सवय आहे.
मी म्हटलं, पोरी, वही तुझ्या बापाची.
दुकान तोट्यात असतानाही तो आधी जमा लिहायचा,
म्हणून तर दुकान बुडलं.
आणि त्याच्या मयताला
उधारी बुडवणारी सगळी माणसं
तीनशे बारा पायऱ्या चढून आली होती.
येनी गप्प झाली.
मग म्हणाली, थंडी आहे का गं तिथे?

आज पहाटे वर गेले.
धुकं इतकं दाट की माझाच हात मला दिसेना,
म्हणजे दोन्ही हात सारखेच.
माझी शिवण वाकडी आहे, लहान मुलानं काढलेल्या नदीसारखी,
आणि पहिला थेंब नेमका तिच्यावरूनच उतरला,
प्रत्येक टाक्यापाशी थांबत, जणू मोजत,
पन्हळीत गेला, नळीत गेला,
आणि पिंपाच्या तळाशी वाजला.
मी कान लावून उभी राहिले.
दुसरा वाजेपर्यंत.
तिसरा वाजेपर्यंत.

नऊ वाजेतो वीतभर झालं.
बटाट्यांना पुरेल, विल्मरच्या काढ्याला पुरेल.
आंघोळीचं
रविवारी बघू.