इसम एकच

उचगावात, रयत संपर्क केंद्राच्या समोर
माझं झेरॉक्सचं दुकान. पाटी तीन भाषांत,
कानडी सगळ्यांत मोठी, नियमाप्रमाणे.
पाटीच्या खाली मी.

लोक आत जातात आणि परत माझ्याकडे येतात,
हातात पहाणी, आधार, पासबुक,
वर शिवलीला मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलेलं:
नाव जुळत नाही.

आज बेळगुंदीचे लुमाण्णा कणबरकर.
दोन हजारांचा हप्ता गल्लीत सगळ्यांना आला,
यांच्या मोबाइलवर नुसती सोनेतारणाची जाहिरात.
पहाणीत कानडी लुमाण्ण, शेवटचा काना गळालेला.
आधारवर इंग्रजी, त्यात एक एन कमी.
पासबुकात तर आडनावाचं कणबर्गी झालंय.
मशीन म्हणतं, चौसष्ट टक्के.
"मग राहिलेला छत्तीस टक्के कोण की?"
बाकावरचे दोघं हसतात.
त्यांतला एक एक्काहत्तर आहे.

माझ्याकडे मजकूर तयारच असतो, नाव तेवढं बदलायचं.
शपथेवर लिहून देतो की
वरील तिन्ही नावांचा इसम एकच आहे.
शंभराचा बाँड, टायपिंगचे पन्नास.
या एका ओळीनं मी किती माणसं जोडली,
यल्लूबाईला यल्लव्वा, मारुतीला मारुतेप्पा,
कुणी तक्रार केली नाही.

तारीख घालायला पहाणी उलटली,
तर नोंद अडुसष्ट सालची.
आधारवर जन्म सत्त्याहत्तर.
मी बघतो. तेही बघतात.

"त्यो माझा आज्जा," म्हणतात.
"त्यो गेला, दुसऱ्या वर्षी मी आलो.
नाव त्याचंच ठिवलं.
आईनं कधी हाक मारली न्हाई त्या नावानं,
सासऱ्याचं नाव कसं घेणार?
बाळूच म्हणायची, मरेपर्यंत."

वारसा लावायचा तर वडील नाहीत,
दोन आत्त्या आहेत. एक कोवाडला, एक गोव्यात साखळीला.
तीन राज्यांच्या सह्या, एका हप्त्यासाठी.
"आणि ह्या कागदानं?"
या कागदानं तुम्ही आणि आज्जा एकच.
मधलं कुणी नाही.
आत्त्या नाहीत.
तुमचे वडीलसुद्धा नाहीत.

शिवलीला मॅडम डबा खायला निघाल्यात,
रस्त्यापलीकडूनच हात करतात,
"ओंदे अंत बरीरी, लगू आगतद!"
एकच लिहा, लवकर होतंय.
त्यांचंही काही चुकत नाही,
आत अजून चाळीस जण आहेत.

लुमाण्णा बाँड हातात घेतात,
वाचत नाहीत, वजन बघितल्यासारखा धरतात.
"कोवाडची आत्ती," म्हणतात,
"दरसाल रताळ्याचे वेल घिऊन येती, भिजल्या पोत्यात.
आमच्या रानात बी तिचंच हाय."
मग बाहेर माझ्या छपराखाली जाऊन फोन लावतात.

"आत्ती, मी बाळू.
पाणी सुटलं काय कॅनॉलला?
...शेळी व्याली? किती?
...न्हाई, उचगावात हाय, असाच आलोय."

बराच वेळ बोलतात.
मी कागद उडू नये म्हणून त्यावर स्टेपलर ठेवतो
आणि एक्काहत्तरवाल्याला आत बोलावतो.