मुझदलिफ्यातले खडे

"या जागेचा उल्लेख आहे कुराणात," मामा म्हणाला,
"इथं अल्लाचं स्मरण करा, असं स्पष्ट आहे.
सफा आहे, मरवा आहे, डोकं भादरणंही आहे.
खड्यांचं एक अक्षर दाखव, ताई. एक."

आईनं चाकांच्या खुर्चीत मोजे वर ओढले.
"आणि दुपारच्या नमाजाचे रकात किती, ते कुठंय?
बाबांच्या मागं उभा राहूनच शिकलास ना?"

"बाबांच्या मागं उभा राहून
मी सिगारेट ओढायलाही शिकलो."

हसू नये अशा जागी मी हसलो.

"झोंगुलदाकला खाण ढासळली, रिफ्की,
तेव्हा दोन रात्री दगडानं पाइप वाजवलास.
ते कुठल्या पुस्तकात होतं?"

"सुरक्षा नियमावली. पान चार."

मग कुणीच बोललं नाही.
बसगाड्या घरघरत राहिल्या,
शेजारच्या चटईवर एक म्हातारा झोपेत खोकला.

आईचे गुडघे वाकत नाहीत.
शेवटी मामाच वाकला, टॉर्च दातांत धरून,
नखांत अजून कोळसा असलेल्या बोटांनी
हरभऱ्याएवढे खडे वेचत,
मोठा लागला की फेकून देत,
पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. एकोणपन्नास.
स्वतःसाठी एकही नाही.

सकाळी तो जमरातला आला, पण बाजूला उभा राहिला,
हात पाठीमागे बांधून, जणू कुणाच्या लग्नात.
आईचा चौथा खडा भिंतीपर्यंत पोचलाच नाही,
कुणाच्या तरी छत्रीवर टपकन पडला.
तिनं पुढचा उचलला. "पाच."

"चार," मामा म्हणाला. "चुकलेला धरत नाहीत."

आणि खिशातून एक काढून
तिच्या हातावर ठेवला.