मोडलेले कान

माझे दोन्ही कान मोडलेले.
डावा सोळाव्या वर्षी, उजवा पुढच्याच जत्रेत.
डॉक्टर म्हणाले, कणकेचा गोळा झालाय रे,
खरं ऐकू येतं न्हवं?
येतं की.

दर मे महिन्यात आमच्या तालमीत गाणं बसतं, तीन रात्री.
तंबोरे माझ्या ताब्यात.
मिरजेहून आणायचे, एसटीनं,
गोधडीत गुंडाळून, भोपळे पोटाशी धरून.
कंडक्टरनं वाकून विचारलं, ‘किती म्हैन्याचं?’
म्हटलं, ‘साठ वर्षांचं. आणि जुळं हाय.’
तिकीट फाडायचं विसरला.
हातकणंगल्यापर्यंत गोधडीकडंच बघत होता.

तयारी म्हणजे सगळा उसना संसार.
जाजमं बोर्डिंगातली, वाळ्याचे पडदे कुणाच्या तरी अडतीवरचे,
माठ सोळा, त्यातला एक गळका.
रावसाब मगदूम पावती पुस्तक घेऊन पेठभर हिंडला;
शाहूपुरीत एकानं पैशाच्या जागी गुळाची ढेप दिली,
‘गाणाऱ्या बाईस्नी द्या, गळ्याला चांगला.’
हौद्यावर फळ्या टाकल्या की स्टेज.
जोतीराम वस्तादांनी सकाळीच सांगून ठेवलं,
‘गाण्यातलं मला कळत न्हाई.
खरं म्होरं मीच बसणार.’

दुपारी पत्रा असा तापला
की तारा आपोआप उतरायला लागल्या.
मी दार लावून घेतलं.
जवारीखालचा दोरा केसभर सरकवला,
परत केसभर मागं.
मोडलेल्या कानाची एक सोय असते:
आवाज सरळ आत जात नाही,
बोळाबोळानं जातो,
आणि खोटा असला
तर कुठल्यातरी कोपऱ्यावर धरला जातो.

अंगडीबाई धारवाडहून आल्या, उन्हानं लाल होऊन.
माझ्या कानांकडं एकदा बघितलं, मग हातांकडं,
मग तंबोरा गालाला लावून
बराच वेळ बसल्या.
‘इरली,’ म्हणाल्या.
असू दे.
रावसाबानं मला मागनं गुद्दा घातला.

स्टेजवर बसल्या आणि थांबल्या.
‘खाली काय आहे? वास येतोय.’
माती, बाई. हळद, ताक, लिंबू, तेल घातलेली.
एक फळी सरकवायला लावली,
चिमूट उचलून कपाळाला लावली,
हात झटकला नाही.
तसाच मांडीवर ठेवला आणि सा लावला.

पहिला अर्धा तास पोरं चुळबुळली.
एक तर माठापाशीच उभा, पेल्यावर पेला.
मग बाईंनी हळूहळू अंतर कमी केलं,
डावा पाय पुढं, झुकांडी, परत मागं,
आणि समेवर अशा आल्या
की वस्ताद ओरडले, ‘चीत!’

इस्त्रीच्या झब्ब्यांनी माना वळवल्या.
बाई हसल्या. गाताना हसल्या,
सूर जरासुद्धा हलला नाही.
पुढच्या आवर्तनाला वस्तादांकडं बघतच आल्या,
अगदी समेच्या तोंडाशी,
आणि उतरल्याच नाहीत.
बगल देऊन निघून गेल्या.
वस्ताद गुडघ्यावर उठलेले तसेच.
परत आल्या, परत हुलकावणी.
तिसऱ्यांदा कधी टेकवलं
कुणालाच कळलं नाही,
फक्त फळ्यांखालची पोकळी हुंकारली.
वस्ताद काही बोलले नाहीत.
फेटा काढला, मांडीवर ठेवला,
आणि शेवटपर्यंत तसेच उघड्या डोक्यानं बसले.

पहाटे सगळे गंगावेशीत.
म्हशी उभ्याच होत्या, पेल्यात थेट धार.
बाईंनी दोन पेले घेतले, ओठावर फेस,
गुळाची ढेप पिशवीत.
रावसाब मला म्हणाला, ‘राग कुठला हुता रं?’
विचारायचं राहिलंच.
मी त्याला गप म्हटलं.
डाव्या कानाच्या घडीत अजून काहीतरी चालू होतं,
बोललो असतो तर सांडलं असतं.

चौथ्या दिवशी मिरजेची गाडी.
नेमका तोच कंडक्टर.
गोधडीवर हात ठेवून, आवाज बारीक करून,
‘झोपली का पोरं?’
‘व्हय,’ म्हटलं, ‘तीन रात्री जागलीत.’
त्यानं ड्रायव्हरला सांगितलं,
खड्ड्यातनं जरा दमानं घे.