काळी दोनच्या जरा खाली

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. खाली सावंतांची पिठाची गिरणी,
वर आमची खोली.
दर शुक्रवारी साडेसात ते नऊ, भाडं माणशी दोनशे,
चहा ज्याचा त्याने.
वाजवतो कमी, बोलतो जास्त,
हे आता घरच्यांनाही ठाऊक आहे.

वारियर व्हायोलिनची पेटी उघडतात
जखमेवरची पट्टी सोडावी तशी,
आतली तांदळाची पुरचुंडी चाचपतात.
खाडीची हवा लाकूड पिते, म्हणतात.
नेरूळला राहायचो तेव्हा रोज सकाळी खुंट्या सैल,
जणू रात्रभर कुणी
मी शिकलेलं परत उलगडत बसलंय.

वृंदा गुर्जर, तुर्भे पोस्टात काउंटरला, तबला.
पुडी ऑनलाइन मागवणारा माणूस
लग्नही तसंच करील, असं तिचं मत.
हातोडी पर्समध्येच असते.
एकदा मॉलच्या दारात पहारेकऱ्याने काढून घेतली होती,
ते ती अजून सांगते.

आणि हरेश मढवी, दिव्याचा, बेंजो घेऊन.
तारांवर टाइपरायटरसारखी बटणं,
कडेला सेलोटेप.
हळदीला वाजवतो, पहाटेपर्यंत.
हे वाद्य नव्हे, वारियर म्हणाले एकदा, हे ऑफिस आहे.
मढवी हसला. मग म्हणाला,
साहेब, सिडकोचे जमिनीचे पैसे आले
तेव्हा बापाने पहिला घेतला तो हा.
बाकीचे कुठे गेले कुणाला सांगता येत नाही.
हा आहे.

त्या दिवशी चहा वारियरांनी पाजला.

माझी पेटी ठाण्याहून, जुनी, चार हजारांची.
पांढऱ्या पट्ट्यांवर कुणीतरी पेन्सिलने
सा रे ग म लिहून ठेवलंय, अक्षर शाळकरी,
ध उलटा काढून खोडलेला.
त्याचा सा पांढरी एक. माझा पांढरी चार.
म्हणजे मी नऊ वर्षं
कुणाच्या तरी म वर सा लावून गातेय.
स्पिरिटच्या बोळ्याने पूस, वृंदा म्हणते.
पॉलिश पेपर मार, म्हणतो मढवी.
बघू, म्हणते मी, आणि बघत नाही.

गेल्या शुक्रवारी यंत्राच्या तंबोऱ्याची बॅटरी मेली.
काळी दोनमध्ये लावू या, ठरलं.
मी पट्टी दाबून धरली.
वारियरांनी हात वर केला, नको.
पेटीवरून व्हायोलिन लावणं म्हणजे
फूटपट्टीने ढग मोजणं.
त्यांनी कानाने लावलं.
वृंदाने त्यांच्यावरून तबला,
मढवीने दोघांवरून, पान्ह्याने.

आणि मग तासभर माझी पेटी बेसूर.
सूर उडालेत, वारियर.
वाळवी असेल, वृंदा.
मढवी काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.
चार हजारांत काय येणार,
हे मी स्वतःच म्हणून टाकलं,
दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

साडेआठला वीज गेली.
गिरणी थांबली.

असं वाटलं, खोलीची एक भिंत कुणी काढून नेली.
इतक्या वेळ पायाखाली काहीतरी घुमत होतं
आणि आम्हाला ते ऐकूच येत नव्हतं,
फक्त पटत होतं.
अंधारात वारियरांनी षड्ज छेडला.
एकटाच, पोरका,
काळी दोनच्या जरा खाली.

कुणी बोलेना.
मोबाइलच्या उजेडात वृंदाने तबल्याकडे पाहिलं,
तबला गुन्हेगार असल्यासारखं.
आम्ही तिघे गिरणीत लागलो होतो, मढवी म्हणाला.
ताईंचीच पेटी बरोबर.

वारियर उठले, खुर्ची चाचपत आले,
सॉरी म्हणाले.
मला नव्हे. पेटीला. वाकून.

दहा मिनिटांनी दिवे आले, पट्टा फिरला, जमीन पुन्हा घुमली.
आता सगळ्यांना ऐकू येत होतं, हीच पंचाईत.
काय दळताय, मढवीने खिडकीतून खाली विचारलं.
गहू संपला, सावंत ओरडले, बाजरी टाकतोय.
म्हणजे अजून थोडी उतरेल, वारियर पुटपुटले
आणि हात खुंटीकडे गेला.